आयपीएल, कबड्डी की खो-खो? प्लेऑफचा खरा थरार कुठं, सोळा आण्यांत मांडून बघू

जत्रा-यात्रांचा हंगाम आला की गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. त्याच्या मागोमाग उन्हाळ्यात आयपीएल. या दिवसांत पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. शेवटचे सामने, म्हणजे ज्याला प्लेऑफ म्हणतात ते, जास्त थरारक कुणाचे? आयपीएलचे की प्रो कबड्डीचे? कुणी मध्येच फुटबॉल काढतो. कुणाचा भाचा पुण्यात कंपनीत असतो, तो अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं सांगतो. शेवटी ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो आणि मंडळी घरी जातात.

आज आवाज बाजूला ठेवून हिशेब मांडू. करमणुकीच्या गोष्टीत कसला हिशेब, असं कुणी म्हणेल. पण आपल्या गावातल्या स्पर्धा कशा भरवायच्या, लांबून टेम्पो करून आलेल्या पोरांना किती सामने खेळायला मिळायचे, हे याच हिशेबावर ठरतं. तिथपर्यंत शेवटी येऊच.

थरार मोजायचा कशानं?

प्लेऑफ म्हणजे साखळी सामने संपल्यावर वरच्या काही संघांत होणारे बाद सामने. ते किती थरारक, हे तीन गोष्टींवरून ठरवता येतं.

पहिली गोष्ट, साखळीत दोन महिने केलेल्या मेहनतीला किंमत आहे का. पहिला आलेला आणि कसाबसा आत शिरलेला यांना एकाच मापानं मोजलं, तर साखळी बघायची कशाला?

दुसरी, मागं पडलेल्याला परत यायला वाट आहे का. पहिला आलेलाच दरवर्षी कप नेत असेल तर प्लेऑफ म्हणजे नुसता मानाचा कार्यक्रम.

तिसरी, प्रत्यक्ष सामन्यात निकाल शेवटच्या मिनिटापर्यंत लटकलेला राहतो का.

पहिल्या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. पहिल्याला फार सवलत दिली की दुसऱ्याची वाट बंद होते, आणि वाट फार मोकळी केली की पहिल्याची मेहनत पाण्यात जाते. चांगला प्लेऑफ या दोन्हींचा तोल सांभाळतो.

सोळा आण्यांची वाटणी

आता जुन्या पद्धतीनं, रुपयाचे सोळा आणे धरून बघू. समजा चार संघ शेवटच्या टप्प्यात आलेत आणि चारही तोडीस तोड आहेत. कुठल्याही सामन्यात दोघांना जिंकायची संधी निम्मी-निम्मी.

सरळ उपांत्य आणि अंतिम सामना ठेवला तर प्रत्येकाला दोन सामने जिंकायचे. निम्म्याचे निम्मे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार आणे. साखळीत पहिला आला काय नि चौथा आला काय, वाटणी सारखीच. आयपीएल २००८ ते २०१० या तीन वर्षांत अशीच होती. २००९ ला डेक्कन चार्जर्स चौथ्या क्रमांकावरून आत आले आणि कप घेऊन गेले.

२०११ पासून पद्धत बदलली. पहिला आणि दुसरा संघ आपसात खेळतात, तो क्वालिफायर-१. जिंकणारा थेट फायनलला. तिसरा आणि चौथा खेळतात, तो एलिमिनेटर. तिथं हरणारा घरी. मग क्वालिफायर-१ हरलेला आणि एलिमिनेटर जिंकलेला यांच्यात क्वालिफायर-२, आणि त्यातला विजेता फायनलला.

याची वाटणी बघा. वरच्या दोघांपैकी कुणीही पहिला सामना जिंकून मग फायनल जिंकला, तर त्याचे चार आणे. पहिला सामना हरला तरी पुढचे दोन जिंकून कप मिळतो, त्याचे दोन आणे. झाले सहा. तिसऱ्या आणि चौथ्याला मात्र सलग तीन सामने जिंकावे लागतात, म्हणून त्यांना दोन-दोन आणे. सहा, सहा, दोन, दोन. झाले सोळा. मेहनतीला किंमत मिळाली आणि मागच्याची वाटही बंद झाली नाही. कागदावर तरी यापेक्षा चांगली मांडणी सापडणं अवघड.

आयपीएल: दारात गर्दी, आत शांतता

पण कागद वेगळा आणि मैदान वेगळं. २०११ ते २०२५ असे पंधरा हंगाम या पद्धतीनं झाले. त्यांचे निकाल एकाखाली एक लिहून काढले की वेगळंच चित्र दिसतं.

पंधरापैकी बारा वेळा कप क्वालिफायर-१ जिंकणाऱ्यानंच नेला. दोन वेळा, २०१३ आणि २०१७ ला, क्वालिफायर-१ हरून मागच्या दारानं आलेल्या मुंबई इंडियन्सनं नेला. एलिमिनेटर खेळून कप जिंकणारा संघ पंधरा वर्षांत एकच, २०१६ चा सनरायझर्स हैदराबाद.

क्वालिफायर-१ जिंकणाऱ्याला फायनलचा एकच सामना उरतो, म्हणजे आठ आणे संधी. पंधरा वर्षांत सात-आठ कप त्याच्याकडं जायला हवे होते. गेले बारा. त्यातही २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षं तोच जिंकलाय. २०२५ ला बेंगळुरूनं पंजाबला क्वालिफायर-१ मध्ये १०१ धावांत गुंडाळलं आणि पुढं ३ जूनला अहमदाबादला त्याच पंजाबला फायनलमध्ये ६ धावांनी हरवून पहिला कप घेतला.

असं का होतं? माझ्या मते दोन कारणं. जिंकणाऱ्याला मध्ये चार दिवस विसावा मिळतो, गोलंदाजांचे खांदे मोकळे होतात. दुसऱ्याला तेवढ्यात आणखी एक जीव काढणारा सामना खेळून यावं लागतं. आणि दुसरं, साखळीत वर आलेले संघ खरंच चांगले असतात. निम्मी-निम्मी संधी हा हिशेबासाठी धरलेला आकडा, मैदानावर सगळे सारखे कधीच नसतात.

मग आयपीएलचा थरार कुठं गेला? तो प्लेऑफच्या दारात आहे. १८ मे २०२४ ची रात्र आठवा. बेंगळुरूच्या २१८ धावा झालेल्या. चेन्नईला आत जायला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, २०१ धावा केल्या तरी नेट रनरेटवर काम होत होतं. शेवटच्या षटकात १७ हव्या होत्या. धोनीनं पहिलाच चेंडू बाहेर भिरकावला आणि दुसऱ्यावर बाद झाला. चेन्नई १९१ वर थांबली आणि बेंगळुरू सलग सहावा सामना जिंकून आत शिरलं. त्या रात्री देश जागा होता. चारच दिवसांनी हेच बेंगळुरू एलिमिनेटर हरून घरी गेलं.

फायनल रंगत नाहीत असं मात्र नाही. २०१७ ची हैदराबादची फायनल आपल्या मुंबई-पुण्यातच झाली. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. त्या हंगामात रायझिंग पुणेनं मुंबईला साखळीत दोनदा आणि क्वालिफायर-१ मध्ये एकदा, असं तीनदा हरवलं होतं. चौथ्यांदा एका धावेनं हरले आणि कप गेला. २०१९ ला मुंबईनं चेन्नईला पुन्हा एकाच धावेनं हरवलं. मलिंगाच्या शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या आणि पालघरचा शार्दूल ठाकूर पायचीत झाला. २०२३ ला पावसामुळं फायनल राखीव दिवशी गेली, मध्यरात्र उलटून गेली आणि दोन चेंडूंत दहा हव्या असताना जडेजानं एक षटकार, एक चौकार मारला.

पण २०२४ ला काय झालं? हैदराबाद ११३ धावांत गारद. कोलकात्यानं साडेदहा षटकांत सामना संपवला. क्रिकेटचा हा स्वभावच आहे. एका संघाची फलंदाजी कोसळली की पुढचे दोन तास बघण्यासारखं काही राहत नाही. ज्यांच्या शेतीपंपाची लाईट रात्रीची, ते मोबाइल खिशात टाकून सरळ बारं द्यायला निघून जातात.

जाता जाता महिलांच्या डब्ल्यूपीएलचं सांगतो. तिथं साखळीत पहिला आलेला संघ थेट फायनलला जातो, दुसरा आणि तिसरा एलिमिनेटर खेळतात. हिशेबानं पहिल्याला आठ आणे, बाकी दोघांना चार-चार. दिल्ली कॅपिटल्स २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं पहिली आली, थेट फायनलला गेली आणि तिन्ही वेळा हरली. दोन वेळा मुंबईकडून, एकदा बेंगळुरूकडून. सवलत मिळाली म्हणजे कप मिळालाच असं नाही. बसून राहिलेल्या बैलालाही औताला लावल्यावर पहिले दोन तास जड जातात, तसंच काहीसं.

कबड्डी: चाळीस मिनिटं, श्वास रोखून

आता प्रो कबड्डी. आधी सामना बघू, मग पद्धत.

कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. एक चढाई ३० सेकंदांची. आघाडीवरचा संघ वेळ काढू लागला तर तेही फार काळ जमत नाही, कारण दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर एकाच्या जागी दोन गुण. अख्खा संघ बाद केला की लोणाचे दोन गुण वेगळे. म्हणजे ज्याचे गडी कमी झालेत त्याच्याच हातात जास्त गुणांची संधी. पाच गुणांची आघाडी आणि तीन मिनिटं बाकी, अशा वेळी कुणी फटाके आणायला जात नाही.

मागच्या पाच फायनल बघा. २०२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीनं पाटण्याला ३७-३६ हरवलं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला जयपूरनं पुणेरी पलटणला ३३-२९ हरवलं. मार्च २०२४ ला हैदराबादेत पुण्यानं हरियाणाला २८-२५ हरवून पहिला कप घेतला. डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीत हरियाणानं पाटण्याला ३२-२३ हरवलं. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीनं पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं. पाचांतल्या चार फायनल चार किंवा कमी गुणांच्या फरकानं सुटल्या. एक लोण इकडचा तिकडं झाला असता तर कप बदलला असता. आयपीएलच्या फायनलना हे दरवर्षी जमत नाही.

आता पद्धत. आधीचे काही हंगाम पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जायचे आणि तिसरा ते सहावा एलिमिनेटर खेळायचे. वरच्या दोघांना चार-चार आणे, खालच्या चौघांना दोन-दोन. पण पहिला आलेला उपांत्य सामना हरला की संपलं, दुसरी संधी नाही.

२०२५ च्या बाराव्या हंगामात पद्धत बदलली. बारापैकी आठ संघ आत. पहिला-दुसरा क्वालिफायर-१ खेळतात. तिसरा-चौथा मिनी क्वालिफायर खेळतात, त्यात हरणाऱ्यालाही आणखी एक संधी. पाचवा ते आठवा प्ले-इन मधून येतात. सोळा आण्यांत मांडलं तर पहिल्या दोघांना सहा-सहा, तिसऱ्या-चौथ्याला दीड-दीड, आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येकाला फक्त पाव आणा, कारण त्यांना सलग सहा सामने जिंकायचे. सहा अधिक सहा, तीन आणि एक. झाले सोळा.

पाव आणा म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पाटणा पायरेट्सनं त्या पाव आण्यावर काय केलं बघा. प्ले-इन मधून येऊन त्यांनी यू मुंबा, जयपूर आणि बेंगळुरू असे तीन संघ एकामागून एक पाडले आणि तेलुगू टायटन्ससमोर जाऊन थांबले. कप नाही मिळाला, पण आठवडाभर देशभरातली कबड्डीवाली मंडळी पाटण्याच्याच गोष्टी करत होती.

आणि आपल्या पुण्याचं? साखळीत पुणे पहिलं, दिल्ली दुसरी, दोघांचेही २६ गुण. क्वालिफायर-१ मध्ये ३४-३४ बरोबरी झाली. मग प्रत्येकी पाच चढायांचा टायब्रेकर, त्यात दिल्ली ६-४. जुनी पद्धत असती आणि अशा बरोबरीत पुणे उपांत्य सामना हरलं असतं, तर घरी गेलं असतं. नव्या पद्धतीत दुसरी संधी मिळाली, तेलुगू टायटन्सला ५०-४५ हरवून पुणे फायनलला आलं आणि तिथं तीन गुणांनी हरलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार असलेला हा संघ चार हंगामांत तीन वेळा फायनलला गेला, एकदा जिंकला. कप एक असला तरी त्याला कमी म्हणता यायचं नाही.

खो-खो आणि फुटबॉल

खो-खोला टीव्ही उशिरा मिळाला. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ ला बालेवाडीत झाला. ४ सप्टेंबरच्या फायनलला ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणानं हरवलं. पुढच्या हंगामात, जानेवारी २०२४ ला कटकमध्ये, गुजरात जायंट्सनं चेन्नईला ३१-२६ हरवलं. या खेळाची गंमत अशी, की शेवटच्या पाळीत पाठलाग करणाऱ्याला नेमके किती गुण हवेत ते ठाऊक असतं, आणि घड्याळ मात्र थांबत नाही. क्रिकेटमधला पाठलाग आणि कबड्डीचा वेग दोन्ही यात आहे. पण दोन हंगामांवरून निकाल देणं म्हणजे दोन पावसांवरून विहिरीचं पाणी सांगणं. थोडं थांबू.

फुटबॉलच्या आयएसएलमध्ये २०२५ ला उपांत्य फेरी दोन सामन्यांची होती, एक इकडं, एक तिकडं, आणि दोन्हींच्या गोलांची बेरीज. गोव्याच्या मंडळींना याचा चटका चांगलाच माहीत आहे. एप्रिल २०२५ ला एफसी गोवा बेंगळुरूत २-० हरलं होतं. फातोर्ड्याला घरच्या मैदानावर त्यांनी दोन गोल फेडले, बेरीज बरोबरीत आली, आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीनं डोक्यानं गोल करून त्यांचं स्वप्न मोडलं. दोन गोल फेडायला पहिल्या सामन्यापासून चार दिवस वाट बघायची आणि एका क्षणात सगळं जायचं, हा थरार वेगळाच.

साता समुद्रापार

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा, हिशेब उलटा आहे. तिथं प्लेऑफमध्ये दोन संघ एकमेकांशी सातपर्यंत सामने खेळतात, जो आधी चार जिंकेल तो पुढं. याचा परिणाम असा. समजा एक संघ थोडा चांगला आहे, शंभरातले साठ सामने जिंकू शकतो. एकाच सामन्यात त्याची संधी शंभरात साठ. पण सात सामन्यांच्या मालिकेत ती शंभरात ७१ होते. म्हणजे जास्त सामने, जास्त न्याय, नशिबाला जागा कमी. म्हणूनच २०१६ ची फायनल अजून सांगितली जाते. गोल्डन स्टेटनं साखळीत ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते, फायनललाही ३-१ पुढं होते, आणि क्लीव्हलँडनं सलग तीन जिंकून कप नेला.

बर्फावरच्या हॉकीत, एनएचएलमध्ये, मालिका अशाच सातच्या. पण बरोबरी झाली की वीस-वीस मिनिटांचा जादा खेळ, पहिला गोल होईपर्यंत. कितीही वेळ लागो. १९३६ ला एका सामन्यात असे सहा जादा डाव खेळावे लागले होते. आणि मोठ्यांची खात्री इथंही नाही. २०१९ ला टॅम्पा बे साखळीत ६२ सामने जिंकून पहिले आले आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० हरले.

त्यांच्या तिकडच्या फुटबॉलमध्ये, एनएफएलमध्ये, सगळं एका सामन्यावर. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकलं, प्लेऑफचे दोन जिंकलं आणि शेवटचा एक, सुपर बोल, न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१४ हरलं. अठरा जिंकून एका हरण्यानं हात रिकामे. भाजीपाला करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

मग निकाल काय?

तिन्ही गोष्टी धरल्या तर माझा कौल असा. न्यायाच्या बाबतीत एनबीए पुढं. जीव टांगणीला लावण्यात एनएचएलचा जादा डाव. साखळीच्या शेवटच्या आठवड्याच्या रंगतीत आयपीएलला तोड नाही, पण प्लेऑफ सुरू झाल्यावर क्वालिफायर-१ नंतर तिथला थरार उतरणीला लागतो, हे पंधरा वर्षांचे निकाल सांगतात.

सगळं मिळून बघितलं तर आजच्या घडीला प्रो कबड्डीचा प्लेऑफ उजवा ठरतो. वरच्याला सहा आणे आहेत, आठव्यालाही पाव आणा आहे, आणि सामना बहुतेक वेळा शेवटच्या चढाईपर्यंत जिवंत राहतो. नवी पद्धत एकाच हंगामाची आहे, हे खरं. आणखी दोन-तीन हंगामांत ती कसाला लागेल. पण कबड्डीचा सामना पूर्वीपासूनच कसाला उतरलेला आहे.

हिशेब कळला म्हणून पैसे लावू नका

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्लेऑफ जवळ आले की गावात मोबाइलवर संघ लावणारी आणि त्याहून वाईट म्हणजे सट्टा घेणारी माणसं जागी होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. सट्टा तर आधीपासूनच गुन्हा आहे. तरी कुठूनतरी नवीन लिंक येतेच.

वरचं वाचून कुणाला वाटेल, की क्वालिफायर-१ जिंकणाऱ्यावर पैसे लावले की झालं. तर लक्षात ठेवा, पंधरात तीन वेळा तोही बुडालाय, आणि दिल्लीच्या मुली तीन वर्षं थेट फायनलला जाऊन तीनदा हरल्यात. बियाण्याचे पैसे, पीककर्जाचे पैसे एका चेंडूवर लावायला कुठलाही हिशेब पुरत नाही. सामना बघा, ओरडा, वाद घाला. त्याला पैसे लागत नाहीत.

आता आपल्या जत्रेतल्या मैदानावर या

आपल्याकडं बहुतेक गावांत कबड्डी स्पर्धा सरळ बाद पद्धतीनं होतात. हरला की बाहेर. आठ संघ आले तर सात सामने, आणि पहिल्या फेरीतच चार संघ घरी. तीस-चाळीस किलोमीटरवरून टेम्पो करून, वर्गणी काढून पोरं येतात. प्रवेश फी भरतात. रात्री दहाचा सामना साडेबाराला लागतो. अर्ध्या तासात हरतात आणि थंडीत परत निघतात. पहिल्याच सामन्यात गतविजेत्याशी गाठ पडली तर चांगला संघही असाच जातो. चिठ्ठी कशी निघाली यावर सगळं. मग चिठ्ठ्यांवरूनच भांडणं लागतात, पंचांवर राग निघतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. आठ संघ असतील तर चार-चारचे दोन गट करा. गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळणार, म्हणजे एका गटात सहा सामने, दोन्ही मिळून बारा. मग दोन्ही गटांतले पहिले आपसात क्वालिफायर-१, दोन्ही गटांतले दुसरे आपसात एलिमिनेटर, पुढं क्वालिफायर-२ आणि फायनल. हे चार. एकूण सोळा सामने. मध्यंतरासह एका सामन्याला पाऊण तास धरला तर बारा तास. दोन रात्री सहा-सहा तास, किंवा दोन मैदानं आखली तर दोन रात्री तीन-तीन तास. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात, आणि गटात पहिला आलेल्याला एका वाईट अर्ध्या तासामुळं घरी जावं लागत नाही.

दोन रात्री शक्य नसतील तर निदान एवढं करा. शेवटचे चार संघ उरले की उपांत्य फेरीऐवजी क्वालिफायर आणि एलिमिनेटर ठेवा. पहिला-दुसरा कोण, हे आधीच्या सामन्यांतल्या गुणफरकावरून ठरवायचं, आणि हा नियम स्पर्धेच्या आधी सगळ्या संघांना वाचून दाखवायचा. तीनच्या जागी चार सामने होतात. एका जादा सामन्याची लाईट, एका जादा सामन्याचे पंच, एवढाच वाढीव खर्च.

याचा फायदा प्रेक्षकांनाही आहे. पहिल्या रात्री आपला संघ हरला तरी दुसऱ्या रात्री गाव पुन्हा मैदानावर येतं. चहावाल्याचा, भेळवाल्याचा धंदा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं पोरांचं. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. असे चढाईपटू आपल्या तालुक्यांतही असतील. पण एखाद्याला एकाच सामन्यात, तेही मध्यरात्रीनंतर, अर्धा तास बघून कुणाला काय कळणार? तीन सामने मिळाले तर एका तरी सामन्यात त्याची चढाई कुणाच्या तरी नजरेत भरेल.

मंडळांच्या बैठका या दिवसांत चालू आहेत. बक्षिसाची रक्कम, पाहुणे, बॅनर यावर तासभर बोलणं होतंच. त्यातली दहा मिनिटं सामने कोणत्या पद्धतीनं लावायचे यावर घाला. वरचा हिशेब एका कागदावर मांडून न्या. बक्षीस पाच हजारांनी कमी ठेवलं तरी चालेल, पण टेम्पोनं आलेल्या पोरांना दुसरी संधी असू द्या.